अंगवळणी

पहिल्या तासाला मी मेंदूचं चित्र काढत नाही.
अक्रोडासारखा दिसतो, हे त्यांना शाळेपासून तोंडपाठ आहे
आणि तोंडपाठ गोष्टीपाशी कुणी थांबत नाही.
मी फळ्यावर एक फ्रिज काढते.
जुना, पोटफुगा, दार नीट न लागणारा.
मागच्या बाकावरून लेवानी विचारतो,
बाई, हे परीक्षेला आहे?

आहे. लिहून घ्या.

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज
चोवीस तासांतून एखादा तास यायची,
कधी पहाटे तीनला, कधी यायचीच नाही.
ग्लदानीत आमचं घर नवव्या मजल्यावर,
लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकलेली
ती मार्चपर्यंत तिथेच.
रॉकेलचा वास पावाला, केसांना,
मुलाच्या पाढ्यांच्या वहीलासुद्धा.
फ्रिज रिकामाच. आत माझी पुस्तकं, उंदरांपासून लांब.
पण प्लग काढायचा नाही, असा ओतियाचा हुकूम.
वीज आली हे सांगायला
घरात कुणीतरी जागं हवं.

अंधारात आधी तो हादरायचा,
थंडीने हुडहुडी भरल्यासारखा.
की अख्खी इमारत एका घशाने ओरडायची:
मोविदा! मोविदा!
आले, आले, लाईट आले!
ओतिया पाण्याच्या बादलीकडे, मी इस्त्रीकडे,
आणि सहा वर्षांचा बाचो
बटण दाबून थेट बल्बखाली,
वही उघडलेली, डोळे अजून मिटलेले.
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
सात सत्ते किती ते तो रोज विसरायचा.
हे एकदाही नाही.

आता व्याख्या.
आवाज, मग उजेड. पुन्हा आवाज, मग उजेड.
काही दिवसांनी नुसत्या आवाजालाच
उजेडाचं वजन येतं.
पुस्तकात याला अभिसंधान म्हणतात.
साध्या भाषेत अंगवळणी पडणं:
गोष्ट डोक्यात न थांबता
अंगाच्या एखाद्या वळणावर जाऊन बसते,
तुमची वाट बघत.

सोफो हात वर करते.
मग वीज कायमची आली, तेव्हा?

हुशार मुलगी. तिसरं प्रकरण, विलोपन.
घंटा वाजते, अन्न येत नाही,
पुन्हा वाजते, येत नाही,
कुत्र्याची लाळ आटते.
फ्रिज दिवसातून चाळीसदा हादरतो
आणि त्याला काही अर्थ उरत नाही.
पण आटलेलं म्हणजे पुसलेलं नव्हे, इथे रेघ ओढा.
जुनं शिकणं कुठे जात नाही.
नवं शिकणं येऊन त्याच्या दाराला पाठ लावून बसतं, इतकंच.
पहारेकऱ्यालाही कधी डुलकी लागते.

यापुढचं मी वर्गात सांगत नाही.
मागच्या आठवड्यात बाचोचा ब्रेमेनहून फोन होता.
नवं घर, नवा फ्रिज, अगदी मुका.
पण भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा आहे, जुना.
रात्री ताडकन उठून बसलो, म्हणाला.
बायकोने विचारलं काय झालं,
तर मला जर्मनमध्ये सांगता येईना.
पाय गार पडले होते, आई. ओठांवर नुसता 'मो' होता.

मी हसले. मग दोघंही गप्प.
ओतिया असता तर म्हणाला असता, बादली भर.
आणि माझ्या स्वयंपाकघरात नेमका तेव्हाच
तो हादरला. तोच आहे अजून, बदललेला नाही.

रुमाल मी आदल्या दिवशीच इस्त्री केले होते.
पुन्हा केले.
फोन खांद्याने कानाशी धरून, सगळे अकरा.

तास संपत आलाय.
प्रश्न पाच गुणांचा, मी सांगते,
उदाहरण स्वतःचं हवं, माझं चालणार नाही.
लेवानी वही मिटतो.
बाई, आमच्याकडे तर वीज कधी गेलीच नाही.

मग दुसरं काहीतरी बघ.
रात्री कान देऊन बघ.
काहीतरी हादरत असेलच तुझ्याही घरी.