झेंड्याची घडी

बेलेंच्या गुलाबी महालात मी इस्त्री करते,
सव्वीस वर्षं.
टेबलक्लॉथ, पडदे, पाहुण्यांचे नॅपकिन,
आणि तो एक हिरवा झेंडा,
राष्ट्राध्यक्ष घरात असतील तेव्हाच वर चढणारा.
तो उतरला की समोरच्या पेस्ट्रीवाल्यालाही कळतं,
आज खुर्ची रिकामी.
रिकामी म्हणजे तिच्यावर कुणी बसलेलं नाही, एवढंच.

झेफेरीनो, माझा धाकटा भाऊ, गोदीवर क्रेन चालवायचा.
रविवारी सार्डिन भाजताना डिवचायचा :
"काय म्हणतात तुझ्या सह्याजीरावबाई?
राज्य चालवतो पंतप्रधान,
पैसा मोजतो अर्थमंत्री,
ओरडायला संसद आहे.
मग ह्या करतात काय? फिती कापतात?"

कापतात. फितीही कापतात.
त्या दिवशी बाहीवर ओल्या रंगाचा डाग असतो.
मला सगळं डागांवरूनच कळतं.
राजदूत येऊन गेले की कोटाला परक्या देशाचं अत्तर.
निवडणुकीनंतर आठवडाभर नुसती कॉफी :
एकेका पक्षाची माणसं जिना चढतात,
त्या प्रत्येकाला तेच विचारतात,
तुमच्यामागे किती जण उभे आहेत?
मग एकाला पुन्हा बोलावतात. जा, सरकार बनवा.

नाताळाआधी दयेचे अर्ज येतात तुरुंगांतून.
तेव्हा डाग नसतो.
कोपर तेवढं चुरगळलेलं,
टेबलाला टेकून रात्रभर वाचणाऱ्या माणसाचं कोपर.
ती सुरकुती वाफेनेही लवकर जात नाही.

मागच्या फेब्रुवारीत गोदीचा कायदा आला.
वखारी विकायच्या, धक्का विकायचा,
झेफेरीनोची क्रेन भंगारात.
सतरा दिवस तो कागद त्यांच्या टेबलावर होता.
अठराव्या दिवशी त्यांनी परत पाठवला,
सोबत चार पानांचं पत्र :
पुन्हा विचार करा.
त्या रात्री गोदीवर कुणीतरी अकॉर्डियन काढलं.
झेफेरीनोने फोन करून
आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या तब्येतीची चौकशी केली.

संसदेने विचार केला.
तोच कायदा, एक स्वल्पविरामही न हलवता,
बहुमताने परत आला.
आता राज्यघटना म्हणते, आठ दिवस. सही करायचीच.

आठव्या दिवशी मी पडदे लावायला वर गेले होते.
त्यांनी पेनचं टोपण काढलं,
लावलं,
काढलं.
"देओलिंदा, तुझा भाऊ गोदीवर आहे ना?"
हो, म्हटलं.
त्यांनी सही केली.
पूर्ण नावाची, नेहमीसारखीच वळणदार,
एक अक्षरही रागाने वाकडं नाही.
मला वाटलं होतं, निदान एखादं तरी असेल.

"बघ," झेफेरीनो म्हणाला, "सह्याजीराव."
मी मासे उलटत राहिले.
त्याला कसं सांगू,
झेंड्याला इस्त्री करताना
मी दरवेळी जुन्याच रेषेवर घडी घालते.
एखाद्या दिवशी माझ्या मनासारखी घातली
तरी तो तसाच फडकेल, खालून कुणाला कळणारही नाही.
पण माझ्यानंतर जी येईल,
तिला रेष सापडायची नाही.
राज्याची घडी म्हणतात ती हीच का, ठाऊक नाही.
मी शाळेत फार गेले नाही.

या मार्चमध्ये त्यांची मुदत संपली.
दोन खोकी, एक जिरेनियमची कुंडी,
गाडीचं दार त्यांनी स्वतःच लावलं.
झेंडा उतरून माझ्या टेबलावर आला.
तेझूच्या वाऱ्याने उसवलेली कड मी टाचली,
दुपारी तोच पुन्हा वर गेला, नव्या माणसासाठी.

आज त्यांचा पहिला शर्ट धुवायला आला.
उजव्या बाहीवर, मनगटापाशी,
शाईचा एक ठिपका.
झेफेरीनोला फोन करावासा वाटला,
पण तो आता रात्रपाळीची टॅक्सी चालवतो, दिवसा झोपतो.
शर्ट मी बाजूला ठेवला.
लगेच धुतला नाही.