साडेतीन मिलिमीटर

पांढऱ्यावर आधी शिरा येतात.
मंगळदास मार्केटातून आणलेला लाल रेशमाचा धागा
मी नखाने उसवते, एकाचे सात करते
आणि चिकटवते वेड्यावाकड्या,
कारण कुणाच्याच डोळ्यात शीर सरळ चालत नाही.

मग बुबुळ. लोक काळं म्हणतात त्याला.
भायखळ्याच्या या खोलीत, बावीस वर्षांत,
काळं बुबुळ मला एकदाही भेटलेलं नाही.
उकळून उरलेली चहापत्ती भेटते, जुना गूळ भेटतो,
खिडकीशी धरलं तर कडेला थोडी राख,
वय झालेल्यांना भोवती दुधाची रेघ.

समोर बसलेत यासीन परकार.
दारूखान्यात जहाजं कापायचे.
ठिणगी एकच, आणि चष्मा कपाळावर.
'डावा राहिला ना,' सगळे म्हणतात.
ते मान डोलावतात
आणि चहा कपाच्या अलीकडे ओततात.
अंतर मोजायला दोन लागतात
हे त्यांना किटलीने सांगितलं.

मी आणखी एक गोष्ट सांगत नाही :
आत, मागच्या पडद्यावर,
जिथून नस बाहेर पडते तिथे काहीच दिसत नाही.
प्रत्येक डोळ्याला असं एक भोक.
आजवर डाव्याचं उजवा सांभाळायचा, उजव्याचं डावा,
गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवतात तसं.
आता मेंदू एकटाच ठिगळ लावतो
आजूबाजूचं कापड बघून.
उलटं उमटलेलं जग सुलटं करायचं कामही
त्याच्याकडेच आहे,
त्याच पगारात.

माझ्या डोळ्याला मागची बाजूच नाही.
भिंग नाही, पडदा नाही, नस नाही.
पालथा केला तर गुळगुळीत वाटी.
मी फक्त दार रंगवते.

अडते ती बाहुली.
खरी बाहुली उन्हात मोहरीएवढी,
अंधारात मिऱ्याएवढी.
माझी एकदा रंगवली की तेवढीच, जन्मभर.
म्हणून विचारते प्रत्येकाला :
कुठल्या उजेडातला डोळा करू?
एका वकिलाने कोर्टातला सांगितला.
एका नवरीने हॉलमधल्या झुंबराखालचा.
परकार बराच वेळ पंख्याकडे बघत होते.
'घरी पोचतो तेव्हा सात वाजलेले असतात,
ट्यूबलाइट लागलेली,
धाकटी दारात.'

तीन मिलिमीटर.
नाही, थोडी जास्त.
साडेतीन.

गुरुवारी बसवायला आले तेव्हा रुमाना बरोबर होती.
स्टुलावर चढली,
डाव्यात पाहिलं, मग उजव्यात, नाक लागेल इतकं जवळून.
'ह्यात पण मी आहे.'

मी सांगणार होते की ते नुसतं पॉलिश आहे,
उजेड वरच्यावर परततो, आत जात नाही.
पण डाव्यातली रुमानाही
वरच्यावरच होती.

तिने मग उजव्यात बघून
केसांची पिन काढली
आणि नीट लावली.