ब्रेकलाइट

म्हात्रे पुलाच्या अलीकडे माझं पंक्चरचं दुकान,
म्हणून मी पंच.
सही केली तेव्हा बोटांचं ग्रीससुद्धा
उमटलं कागदावर.

पावणेबाराची नाकाबंदी. बॅरिकेडच्या फटीत
दुधाणे हवालदार, हात आडवा.
पोरगा हेल्मेटशिवाय. पुण्यात त्याचं काय नवल!
पावती घ्यायची, दोन शब्द ऐकायचे,
घरी जाऊन जेवायचं.
यानं मूठ पिळली.

शिट्टी उडून गटाराच्या जाळीत गेली,
मुद्देमालात तिची नोंद नाही.
दुधाण्यांचं मनगट तेव्हापासून वाकडं,
आणि साध्या दंडाला कलमं फुटली, एकावर एक:
भरधाव, दुखापत, सरकारी कामात अडथळा.
वकील बोटांवर मोजतो.
पोराचा बाप प्रत्येक बोटाकडे बघतो.

शिवाजीनगर कोर्टात मला विचारलं,
इशारा केल्यावर गाडी थांबली का?
नाही, म्हणालो.
तेवढंच विचारलं होतं.

पण साहेब, मागचा लाल दिवा
एकदा लागला होता.
नटाचा एक आटा फिरावा, एवढाच वेळ.
पाय आला होता त्याचा ब्रेकवर,
मग काय आठवलं कुणास ठाऊक,
मामाची गाडी, संपलेला इन्शुरन्स,
की नुसतंच भ्यालं.
पंचनाम्यात त्याला रकाना नाही.

दुधाणे आता डाव्या हातानं गाड्या अडवतात.
मी हवा भरून झाली, पैसे घेतले,
की गिऱ्हाइकाला म्हणतो,
जरा ब्रेक दाबा,
आणि मागे जाऊन उभा राहतो.