तिसरा स्क्रू

आधी बॅटरीची काळी तार सोडवायची,
मग पुढची सीट पार मागं पाडून उताणं व्हायचं,
न्हाव्याकडं दाढीला बसल्यासारखं.
शुवैखच्या गॅरेजात माणूस एरवी ओणवा असतो,
नाहीतर गाडीखाली.
तोंड वर करून काम करायचं, ते सनरूफचं.

गाडी उस्ताद फत्हींची. शाळेत भूगोल शिकवतात.
मंगळवारच्या धुळीत छप्पर मिटायला निघालं
आणि चार बोटं बाकी असताना अडलं.
तेव्हापासून वर प्लॅस्टिकची चटई,
दोरी दोन्ही खिडक्यांतून ओवलेली,
दारं उघडायची म्हणजे आधी गाठ सोडा.

बशीरभाई परकार, आमचे फोरमन, दापोलीकडचे, म्हणाले,
मोटर काढ, छप्पर हातानं ढकलून मिटव.
अमघऱ्याच्या भंगारात दुसरी मिळते का बघतो.
आणि तुळशी, क्लिप तोडू नको हां.

क्लिप पहिल्याच झटक्यात तुटली.

दिव्याची काच उतरली. मागं तीन स्क्रू, चांदणीच्या डोक्याचे.
पहिला सुटला.
दुसरा कुरकुरत सुटला.
तिसरा सुटला तो हातातूनही सुटला,
छताच्या कापडावरून घरंगळत गेला,
मागच्या खांबात कुठंतरी टणत्कारला, गप्प झाला.
मी श्वास धरून ऐकत राहिलो,
विहिरीत कळशी पडल्यावर ऐकतात तसा.

मोटर तळहातावर आली, करवंटीएवढी, कोमट.
दोन्ही तळव्यांनी काच ढकलली
तर रुळांतली वाळू सगळी तोंडावर.
कोणकोणत्या वर्षांची, कोण जाणे. दातांत करकर.
वर आभाळ म्हणून जे होतं ते कळकट पितळी.
एवढं बघायला लोक जास्तीचे दिनार मोजतात!

रात्री फोनवर सुमनला सांगितलं.
म्हणाली, म्हणजे आपलं काचेचं कौल की.
हो, पण हे सरकतं.
गळतं का?
इथं कशानं गळणार.
मग सरकवतात कशाला?
मला काही सुचेना. हौस, म्हटलं.
ती म्हणाली, पडवीतलं कौल मांजरानं फोडलंय,
मी वर परात पालथी घातलीय, आता तिथं काळोख असतो.

आठवड्यानं भंगारातली मोटर आली.
तिला आधी शिकवावं लागतं, बंद म्हणजे कुठं.
बटण दाबून धरायचं, बोट दुखेपर्यंत.
ती जाते, थडकते, मागं येते, परत जाते,
मग तिच्या ध्यानात राहतं.
जुनी मी खोलीवर आणली. का ते विचारू नका.
शुक्रवारी बॅटरीला जोडली, अर्धा फेरा गुरगुरली.
वरच्या खाटेवरून बिजू ओरडला,
लोक झोपलेत, बंद कर ते.

तिसऱ्या भोकात आमच्या डब्यातला स्क्रू घातला,
थोडा लांब होता, दोन वायसर घालून बसवला.
उस्ताद खूश. चटई गॅरेजलाच देऊन गेले.

काल परत आले.
छप्पर उत्तम आहे, म्हणाले,
फक्त वळणावर आत कोणीतरी बोलतं.
बशीरभाईंनी माझ्याकडं बघितलं.
मी पान्हा पुसत होतो, तो आणखी थोडा पुसला.
वाळू असेल, उस्ताद.