कलम अकरानंतर

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकलेला टायपिस्ट
मान वर न करता विचारतो, पद काय?
बाळ सांभाळणार, मी म्हणते.
तो बडवतो: मोलकरीण.
पाचशेचा कागद वाया.

शेजारी हौसा भोये,
पेठच्या पहिल्या एसटीने आलेली,
पिशवीत नागलीची भाकर.
बुधवारी सुट्टी, भरपगारी आजारपण, दिवाळीचा बोनस –
मी वाचत जाते, जरा मोठ्यानंच,
रांगेतल्यांना ऐकू जाईल इतपत.

"तुमचं बाळ तापलं तं रातची थांबायचं, हे लिवलंय.
माझं तापलं तं?"

टायपिस्टची बोटं थांबतात.
अकरा आणि सह्यांच्या मध्ये
जागाच नाही.

समासात लिहा, आडवं.

आता ती ओळ वाचायची
तर दोघींनाही
मान वाकडी करावी लागते.