घरातच असतीस की

आमच्या बोळातल्या सगळ्या किल्ल्या
माझ्या दारामागच्या खिळ्याला लटकतात.
चौगुल्यांची, वरच्या मगदुमांची,
आणि एक कुणाची, ते आता कुणालाच आठवत नाही.

कुरिअरवाला आताशा नावंसुद्धा वाचत नाही.
फुलेवाडीत शिरला, बोळात वळला,
की सरळ माझी बेल.
गॅसची टाकी, लाइटचं बिल, कुणाच्या सुनेची साडी.
"ठेवून घे गं. तुला काय, घरातच असतीस की."

असते.
नऊ ते सहा, कपाट आणि पलंगाच्या मधल्या फटीत.
कानाला हेडफोन, मांडीखाली अबोलीचा एक मोजा,
समोर कुणा अनोळखी माणसाच्या
मोडलेल्या हाडाचा विम्याचा दावा.
पास करायचा की परत धाडायचा
ते अकरा मिनिटांत ठरवायचं.
बारावं मिनिट पुण्यात साहेबांना दिसतं.

चौगुलेवहिनी म्हणतात,
"नशीबवान हाईस, पोरगी डोळ्यासमोर वाढतीया."
वाढली.
तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा
माझा कॅमेरा चालू होता आणि माईक बंद.
मी ओरडले.
वीस चौकोनांत कुणी मानसुद्धा वळवली नाही.

आणि त्याच वहिनी, पाण्याच्या नळावर:
"लॅपटॉप घेऊन बसती, पोर रडून रडून निळं हुतंय."
निळं कधी झालं नाही. रडलं, ते खरं.

घराचा हप्ता कुणाच्या खात्यातनं जातो
हे सासूबाई बोळात सांगत नाहीत.
मीही सांगत नाही. का, ते विचारू नका.

सोमवारी उद्यमनगर बंद, म्हणून नवरा घरी.
मगदूमकाकी पार्सल घेऊन आल्या, त्याला बघून कुजबुजल्या,
"सुट्टी व्हय? झोपा, झोपा. आठवडाभर राबताय.
ती कुठाय?"

त्यानं तोंड उघडायच्या आत
अबोली उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.
"आई कामावर गेलीया."
आणि बंद खोलीकडं बोट.

काकी हसल्या. मग थांबल्या.
मला आतून त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या.
"कवा येणार?"
"सहाला."

सहाला दार उघडलं.
पार्सल उंबऱ्यावर, अबोली त्यावर बसलेली,
भातुकलीतला चहा गार झालेला.
म्हणाली, "आलीस? लई उशीर केलास."