उंचीची काठी

किती गोळ्या द्यायच्या ते ही काठी सांगते.
वजनकाटा बेटावर पोचेपर्यंत बिघडतो,
काठीला बिघडायला काही नाही.
पांढऱ्या रंगावर काळ्या रेघा:
इथं एक, इथं दीड, इथं दोन,
माझ्या हनुवटीपाशी चार.

मी ओचोला. आधी होडी होती, आता काठी आहे.

रोझलिदा पहाटेच शाळेमागं चूल पेटवते.
उपाशी पोटी हे औषध टिकत नाही,
आल्या पावली परत येतं.
म्हणून आधी पेज, मग रांग.
गोळी खडूच्या तुकड्याएवढी,
जिभेवर रेंगाळली की कडूजहर.
चघळू नका रे, गिळा, मी ओरडतो,
आणि दर वर्षी कुणीतरी चघळतंच.

मोठी पोरं गुडघे वाकवतात,
तेवढीच अर्धी गोळी वाचली.
धाकटी टाचा उचलतात,
मोठ्यांत मोजलं जावं म्हणून.
दोघांनाही मी दटावतो.

ओबुरा मात्र नीट उभा राहिला.
डोक्यावर पुठ्ठा टेकवला: दोन, जेमतेम.
वही उलटली.
गेल्या वर्षी दोन, जेमतेम.
त्याआधीही माझ्याच अक्षरात तेच.
पोट पुढं, पायांच्या काटक्या.
"किती वाढलो?" त्यानं विचारलं.

"केस कापून आलायस ना," मी म्हटलं,
"म्हणून दिसत नाही."
त्याला ते पटलं.
दोन्ही गोळ्या एका घोटात,
वर आणखी एक वाटी पेज.

दुपारी नाम लोल्वेच्या काठावर
वाळत घातलेली ओमेना चमकत होती.
उथळात देठांना चिकटलेल्या गोगलगाई,
मसुरीच्या डाळीएवढ्या.
त्यांच्यातून जे सुटतं ते दिसत नाही,
अंगात शिरताना कळतही नाही.
गोळी आतल्यांना मारते.
बाहेरच्यांना तिची खबर नाही.

सकाळचीच पोरं पिवळे कॅन बुडवत होती,
बुडबुड, बुडबुड,
ओबुरा सगळ्यांच्या पुढं.
हाक मारायला मी तोंड उघडलं.
पण त्यातला एक कॅन माझ्याच घरचा.

काठीला कुणाची तरी उलटी लागली होती.
विजार वर दुमडून मी पाण्यात उतरलो,
धुतली, आणि सवयीनं
सरळ उभी धरली.
सरोवर पहिल्या रेघेला लागलं होतं.
एक.